देवाची वकिली कशाला?

मा. संपादक, स.न.

गेले काही दिवस तुमच्या या पानावर 'देव दयाळू आहे तर मग दुःख का' यावर पत्रं येतायत आणि बहुतेकांचं उत्तर एकच, ज्याचं त्याचं कर्म. मी एकादशी करणारी बाई आहे, नास्तिक वगैरे नाही, पण हे काही पटत नाही बुवा.

माणूस माणसाला छळतो तिथं एकवेळ म्हणता येईल की देवाने अक्कल दिली, पुढचं ज्याचं त्याने बघावं. पण ३० जुलै २०१४ ला आपल्याच जिल्ह्यातलं माळीण सकाळी डोंगराखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं, एसटीचा ड्रायव्हर नेहमीसारखा गाडी घेऊन आला तर गावच जागेवर नाही, त्यानेच मग खबर दिली. (डोंगर उकरला म्हणून झालं असं तेव्हा बरेच म्हणत होते, असेल, पण पाळण्यातल्या पोरांनी काय जेसीबी चालवला होता?) किल्लारीला तर १९९३ साली गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले आणि पहाटे भूकंप झाला. कर्माचा हा हिशेब देव बदलू शकतो का? शकतो आणि बदलत नाही, तर दयाळू कसा? शकत नाही, तर सर्वशक्तिमान कसा? हा पेच ग्रीकांच्या एपिक्युरसच्या नावावर सांगतात, म्हणजे दोन हजार वर्षं होऊन गेली.

आमच्या नात्यातल्या एका मुलाला ल्युकेमिया झाला होता, तेव्हा हॉस्पिटलच्या बाकड्यावर शेजारच्या पेशंटबरोबर आलेल्या मावशींनी त्याच्या आईला डब्यातला उपमा दिला आणि वर ऐकवलं, 'मागच्या जन्मीचं असणार गं काहीतरी.' ती तशीच झाकण हातात धरून बसली, खाईना की परत देईना. मावशी वाईट नव्हत्या हो, उपम्यावरच थांबल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

देहू इथून कितीसं लांब? १६३० च्या सुमाराच्या त्या भयंकर दुष्काळात तुकोबांची बायको अन्न अन्न करत गेली, पोरगं गेलं, दुकानाचं दिवाळं निघालं. ते विठोबाशी कडाकडा भांडले आणि त्याला सोडलंही नाही. बरं झालं दिवाळं निघालं असंही तेच म्हणाले, पण ते स्वतःच्या दुःखाला, शेजाऱ्याच्या नाही! आपण नेमकं उलटं करतो, आपलं काही झालं की देवाला जाब विचारतो आणि दुसऱ्याचं झालं की त्याचं कर्म काढतो.

आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी आजारी पोराला पाठीवर घालून दवाखान्यात आणलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. हे कुठल्या जन्मीच्या कर्माचं फळ ते त्या पत्रलेखकांनी जरूर कळवावं, मी वाट बघतेय.

– एक वाचक, कोथरूड, पुणे