बाबा, तो संस्थापक नव्हे!

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "दगडावर कोरलंय ते खोटं कसं असेल?" तेव्हा आई झोपली होती, म्हणून वाद घातला नाही. आता लिहिते.

मागच्या वर्षी हार्वर्डच्या आवारात ज्या पुतळ्याचा बूट धरून तुम्ही फोटो काढलात, त्याखाली कोरलंय : जॉन हार्वर्ड, संस्थापक, १६३८. इथे त्याला तीन थापांचा पुतळाच म्हणतात. चेहरा हार्वर्डचा नाहीच. त्याचं एकही चित्र उरलेलं नव्हतं, म्हणून १८८४च्या या पुतळ्यासाठी शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंचने शेरमन होर नावाच्या तरुणाला समोर बसवलं. सालही चुकलंय. मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या सभेने कॉलेजसाठी ४०० पौंड मंजूर केले ते १६३६ मध्ये, आणि हार्वर्ड तेव्हा इंग्लंडातच होता! १६३७ला इकडे आला, पुढच्याच वर्षी क्षयाने गेला. जाताना अर्धी मिळकत आणि चारशेच्या आसपास पुस्तकं कॉलेजला दिली, म्हणून १६३९ला त्याचं नाव लागलं. देवळाच्या फरशीवर देणगीदाराचं नाव असतं, म्हणून देऊळ त्यानेच बांधलं असं तुम्ही कधी म्हणालात का?

मग संस्थापक कोण? ठराव करणारी सभा? की पहिला मास्तर नॅथनियल ईटन? त्याने तर आपल्या साहाय्यकाला अक्रोडाच्या सोट्याने बडवलं आणि १६३९लाच नोकरी घालवली. आई, त्याची बायको मुलांचं जेवण बघायची. आंबलेल्या पिठाचा पाव, खराब मासळी, लापशीत बकरीच्या लेंड्या, अशा तक्रारींवर तिला जबाब द्यावा लागला. लेंड्यांचं मात्र आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं, असं तिने सांगितलं.

मला विचाराल तर मान हेन्री डन्स्टरचा. ईटन गेल्यावर बंद पडलेलं कॉलेज त्याने १६४०पासून चालवून दाखवलं, १६५०ची सनदही त्याच्याच काळातली. पुढे तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याला विरोध केला म्हणून १६५४ला त्यालाही जावं लागलं. त्याचा बूट कोण घासतंय!

आई, त्या दिवशी तू बाबांना साबणाने हात धुवायला लावलेस ते उत्तम केलंस. रात्री तिथली पोरं त्या बुटावर काय करतात म्हणे, ते प्रत्यक्ष भेटीत सांगेन.

फोटो भिंतीवरच राहू दे. खाली बाबांनी लिहिलेल्या 'संस्थापक'वर तेवढी कागदाची पट्टी चिकटव, बाबा दुपारी झोपले की.

तुमची लेक