पोटासाठी सिट-अप्सच काहून?

संपादक साहेब, नमस्कार,

मी त्रिमूर्ती नगरात राहते, रोज सकाळी बगीच्यात फिरायला जाते. तिथं आम्हा बायकांचा ग्रुप आहे आणि पोट कमी करायचं म्हटलं की सगळ्यांना एकच औषध, सिट-अप्स. पाठीवर झोपून, मानेमागे हात बांधून झटक्यानं उठायचं, 50 झाल्या की शाबास. मीही दोन महिने केल्या. पोट होतं तसंच राहिलं, वरून कंबर धरली, आणि एक दिवस घरी करत होती तर लेक म्हणे आई, हे काय होऊन राहिलं? मी डोकं उचललं की नाभीच्या वर, अगदी मधोमध, बोटभर जाड उभा उंचवटा. घाबरलीच मी.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी झोपवून बोटं दाबून पाहिली तर दोन बोटं आरामात आत गेली. गरोदरपणात पोटाचे उभे स्नायू मधून फाकतात, बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचे आपोआप जवळ येतात, माझे आलेच नाही. याला डायस्टॅसिस म्हणतात, आणि माझी धाकटी आता नववीत आहे हो! बाळंतिणीला डिंकाचे लाडू सगळे देतात, पोट बांधायला सांगतात, हे मात्र कोणीच सांगत नाही.

मग त्यांनी शिकवलं ते असं, पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, श्वास सोडता सोडता नाभी हळूच आत घ्यायची, दम कोंडायचा नाही, आणि एकेक टाच सतरंजीवर सरकवत पाय लांब करायचा, कंबर उचलू द्यायची नाही. पाहणाऱ्याला वाटते बाई नुसती लोळून राहिली, पण दहाव्या वेळेला पोट थरथरते. सगळ्यात आतला स्नायू पट्ट्यासारखा पोटाला वेढून असतो, तो यानं कामाला लागतो. प्लँक, म्हणजे हातांवर अन् पायाच्या बोटांवर अंग फळीसारखं सरळ धरून ठेवायचं, तो खूप नंतर, तोही आधी स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकून. चरबीचं म्हणाल तर पोटाच्या व्यायामानं पोटाचीच चरबी जात नाही, त्याला चालणं आणि जेवणच पाहावं लागते. अमेरिकेच्या सैन्यानंसुद्धा फिटनेस टेस्टमधून सिट-अप्स काढून प्लँक घेतला.

तुमच्या आरोग्याच्या पानावर बाळंतपणानंतरच्या पोटाच्या व्यायामाबद्दल एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून फोटोसकट लिहून घ्या ना, आणि महापालिकेनं बगीच्यातल्या ग्रीन जिमजवळ मराठीत एक बोर्ड लावावा, कोणी काय करू नये याचा. आमच्या ग्रुपमध्ये आता एक नवीन मुलगी येते, बाळ सहा महिन्यांचं आहे, कालपासून तिनंही सिट-अप्स सुरू केल्या.

एक वाचक,
त्रिमूर्ती नगर, नागपूर