ताई, मीटिंग साडेतीनला घेतल्याबद्दल

प्रिय ताई,

फोनवर 'थँक्यू' म्हटलं की तू विषय बदलतेस, म्हणून सगळ्यांसमोरच लिहिते. १५ सप्टेंबरचा इंजिनिअर्स डे झाला. स्टेजवरून प्राचार्यांचे आभार मानले, पाहुण्यांचे मानले, साउंडवाल्याचेही मानले. तुझंच नाव राहिलं. आता तू पुण्यात नोकरीला, त्यामुळं हॉलमध्ये कुणाला आठवलंही नाही. मला मात्र ते अजून टोचतंय.

आमच्या कॉलेजच्या विद्यार्थी सोसायटीत आधी पदं कशी वाटली जायची, तुला वेगळं सांगायला नको. मीटिंग संध्याकाळी सातनंतर, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या चहाच्या गाड्यावर. हॉस्टेलच्या मुलींचं गेट बंद व्हायची ती वेळ. आणि आम्ही पासवाले केव्हाच एसटीत. सकाळी नोटीस बोर्डावर यादी तयार! वर निरोप समारंभात हीच मंडळी माइक धरून सांगणार, "मुली पुढाकारच घेत नाहीत हो, खेड्यातली पोरं फार लाजतात." अरे बाबांनो, पुढाकार कुठनं घेणार? हंगामात आम्ही त्या वेळी भोगावतीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलेलो असायचो.

तू अध्यक्ष झालीस आणि एक दिवस लॅबबाहेर मला गाठलंस. मला वाटलं, वर्गणी मागायला आली. तू विचारलंस, "तुझ्या गावची शेवटची गाडी कितीला गं?" मी म्हटलं, साडेपाचला. वही हाताशी नव्हती, तर तळहातावरच पेनानं लिहून घेतलंस. दुसऱ्या दिवशी बोर्डावर सूचना: मीटिंग साडेतीनला, वर्कशॉपशेजारच्या खोलीत, साडेचारला संपेल. आणि खरंच संपवलीस की! एक जण रंगात येऊन बोलत होता, त्याला मध्येच तोडून म्हणालीस, "राहिलेलं उद्या. हिची गाडी चुकंल." सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. मला कानकोंडं झालं, पण स्टँडवर पोचेपर्यंत हसू काही जाईना.

पुढं 'सेक्रेटरी कोण होणार?' म्हटल्यावर माझा हात वर गेला, तो या जोरावर. तुमच्यात नेतृत्वगुण आहेत असं भाषणातून सांगणारे ढिगानं भेटले. माझ्या गाडीची वेळ तेवढी कुणी विचारली नव्हती.

आणि यंदाच्या कार्यक्रमाचं ऐक. दरवर्षी विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालायचा आणि रोबोटिक्सवर कुणाचं तरी भाषण ऐकत जांभया द्यायच्या. मी म्हटलं, राधानगरीची दारं घेऊ. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणाची ती ७ स्वयंचलित दारं. ना वीज, ना मोटर, तलाव भरला की पाण्याच्याच जोरावर उघडतात, पातळी उतरली की मिटतात. आमच्याकडं पावसाळ्यात सकाळी चहाच्या आधी 'किती उघडली?' हा प्रश्न असतो, कारण खाली पंचगंगा किती चढणार याचा अंदाज त्यावर बांधतात. शहरातल्या पोरांनी हे पेपरात वाचलेलं, पण दार उघडतं कसं हे एकालाही सांगता येईना. मग मॉडेलच करायचं ठरलं. उद्यमनगरातल्या एका काकांनी पत्रा कापून वेल्डिंग करून दिलं. पैसे विचारले तर म्हणाले, "दार उघडलं की फोन कर, बास." वर चहा पाजला. अशी माणसं आहेत म्हणून या गावात काही उभं राहतं, ताई. पदं मिरवणारे दर साली नवे येतात नि जातात. दार उघडलं तेव्हा हॉलमध्ये शिट्ट्या पडल्या आणि मी पहिला फोन काकांना लावला.

बाकी ठीक. तू दिलेली वही फार उपयोगी पडतेय, पण तुझं अक्षर म्हणजे देवाची करणी. मंडपवाल्याच्या नंबरातला शेवटचा आकडा १ आहे की ७, तेवढं कळव. दोन्हीकडं लावून बघितलं, एक जण रोज शिव्या घालतोय.

तुझी,
सोसायटीची सेक्रेटरी