सल्ला न दिल्याबद्दल आभार

आदरणीय समुपदेशक मॅडम,

आभाराच्या पत्रात 'अमूल्य मार्गदर्शन' हे शब्द ठरलेलेच असतात. आम्ही ते मुद्दाम टाळतो आहोत. तुम्ही मार्गदर्शन फार थोडे केलेत आणि मुलामुलींना उपयोग झाला तो त्यामुळेच.

घरचा दबाव, रूममेटशी भांडण, तुटलेले प्रेम, राहिलेले विषय, यांपैकी कशानेही अडलेल्या मुलाला सल्ले आधीच भरपूर मिळालेले असतात. 'मनावर घेऊ नकोस', 'घरी बोल', 'विसर तिला'. त्यांनी भागले असते तर तो तुमच्या खोलीपर्यंत आलाच नसता. पहिल्या भेटीच्या 50 मिनिटांतला बहुतेक वेळ तुम्ही ऐकण्यात घालवता आणि उठताना एकच छोटे काम ठरते, तेही त्याच्याच तोंडून. 'नियमित अभ्यास करीन' हे तुम्ही काम मानत नाही. 'गुरुवारी दुपारी ग्रंथालयात जाऊन पहिल्या प्रकरणाची दोन पाने वाचीन' हे मानता. खचलेल्या माणसाला आधी उत्साह येतो आणि मग तो कामाला लागतो, असे सहसा होत नाही. बहुधा उलटेच घडते.

ऐकायला बसण्याआधीची पाच मिनिटे आम्हाला सर्वांत मोलाची वाटतात. इथले बोलणे घरी किंवा शिक्षकांना कळणार नाही. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल किंवा कायद्यानेच कळवणे भाग असेल, तरच अपवाद. हे तुम्ही त्याने तोंड उघडण्याआधी सांगता. सगळे बोलून झाल्यावर ही अट कळली तर विद्यार्थ्याला फसवल्यासारखे वाटते आणि तो पुन्हा येत नाही. शिक्षकांना तुम्ही कळवता ते इतकेच, की पाठवलेला विद्यार्थी पोहोचला. आणि तेही त्याने हो म्हटले तर.

प्रश्नावल्यांच्या बाबतीतही तुम्ही आमची सवय मोडलीत. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या पीएचक्यू-9 या नैराश्याच्या लक्षणांच्या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर नैराश्याची नीट तपासणी हवी, एवढेच त्यातून कळते. निदान होत नाही. परीक्षेच्या आठवड्यात झोप आणि एकाग्रतेचे गुण तसेही चढतात. पण बेरीज पाहण्याआधी नववा प्रश्न पाहायचा, हे तुम्ही दाखवलेत. तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. बेरीज 6 असली आणि त्यासमोर 1 असला, तरी त्याच भेटीत त्यावर बोलायचे.

बोलायचे तेही सरळ. 'तसलं काही मनात नाही ना?' असे विचारले की 'नाही' हेच उत्तर येते, कारण विचारणाऱ्याला तेच हवे आहे हे प्रश्नातच दिसते. 'आत्महत्येचे विचार येतात का?' असे विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. त्यानंतर 'मी असे काही करणार नाही' असे लिहून सही घेण्याची पद्धत तुम्ही बंद केलीत, त्याबद्दल विशेष आभार. त्या कागदाने संस्थेला धीर येतो, मुलीला नाही. त्याऐवजी बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची सहा पायऱ्यांची सुरक्षा योजना आली: धोक्याच्या खुणा, एकटीने करता येण्याजोग्या गोष्टी, मन दुसरीकडे गुंतवणारी माणसे व जागा, मदत मागता येईल अशी माणसे, व्यावसायिक मदत, आणि घातक वस्तू हाताशी न ठेवणे. ती फसते ती चौथ्या पायरीवर. नाव लिहिले जाते, पण त्या माणसाला पत्ताच नसतो. म्हणून तुम्ही मुलीला तुमच्यासमोरच फोन करायला सांगता. सहाव्या पायरीवर वस्तू कोणाकडे आणि कधी द्यायची, हेही नावानिशी लिहून घेता.

फोटो पसरवण्याची धमकी आलेल्या मुलींना (मुलांनाही येते, ते उशिरा सांगतात) तुम्ही आधी क्रम दिलात: पैसे द्यायचे नाहीत, उत्तर द्यायचे नाही, नाव, नंबर, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यायचे, मग ब्लॉक करायचे आणि तक्रार करायची. लाजेपोटी सगळे चॅट पुसले की पुरावाच जातो. इथे मात्र तुम्ही थेट सूचना देता, आणि तेच बरोबर.

शिक्षकांनी विद्यार्थ्याला 'तू समुपदेशनाला जा' असे वर्गाच्या दारात सांगू नये, त्याच्यासोबत बसून वेळ ठरवावी, हा तुमचा आग्रह आम्ही लेखी सूचनेत घातला आहे. तुमची खोली कार्यालयाच्या रांगेतून हलवण्याची मागणीही मान्य झाली आहे. नव्या खोलीत येण्याजाण्याला वेगळा जिना आहे आणि नोंदींच्या कपाटाची किल्ली फक्त तुमच्याकडे राहील.

आपले,
विद्यार्थी कल्याण समितीतील सहकारी