चांदणीची पाठ

वॉल्सॉल, इंग्लंड
पोळ्याच्या आदल्या दिवशी

तीर्थरूप आबाजींना,
साष्टांग नमस्कार.

उद्या पोळा, परवा आपल्या नागपुरात, इतवारीत काळी-पिवळी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक. आज इथं बसून जीव तुटतोय.

फोनवर तुम्ही विचारलंत, "घोडी घेतली ते झालं, पण बसतेस कधी?" चार महिन्यांत मोजून अकरा वेळा बसले, आबाजी. बाकी दिवस चामडं विकत घेण्यात आणि परत करण्यात गेले.

एप्रिलमध्ये 600 पौंडांना जुनं खोगीर घेतलं. खोगिराच्या आत सांगाडा असतो, त्याला ट्री म्हणतात. तो पाठीच्या रुंदीला जुळावा लागतो. बैलाला जिथं वशिंड असतं तिथं घोडीला हाडाचा उंचवटा असतो; त्याच्यावर दोन-तीन बोटं जागा सुटली पाहिजे. तेव्हा सुटत होती. मे महिन्यात गवत उगवलं. चांदणी चरली आणि अशी रुंदावली की खोगीर तिच्या खांद्यांना चिमटे घेऊ लागलं. मग रुंद ट्रीचं दुसरं घेतलं. तेवढ्यात डॉक्टरांनी गवत कमी करायला लावलं, कारण अशा गवतानं घोड्याच्या खुरांच्या आत सूज येते आणि तो लंगडा होतो. जुलैत ती बारीक झाली. एका सकाळी रुंद खोगीर फिरून तिच्या पोटाखाली गेलं आणि मी चिखलात. ती मात्र शांत उभी राहिली, एक पाऊल हललं नाही तिचं! त्या दिवसापासून तिच्यावरचा माझा जीव दुप्पट झाला.

लगामाचंही तसंच. तिचं कपाळ मोठ्या घोड्याचं, तोंड आखूड. म्हणून दोन मापांचे दोन लगाम घेतले. एकाची कपाळपट्टी, दुसऱ्याच्या गालपट्ट्या जोडून एक केला. उरलेला खुंटीवर लटकतोय. शिवाय आपण नेहमी डावीकडून चढतो, त्यामुळे डाव्या रिकिबीची वादी ताणून लांब होते. दर आठवड्याला दोन्ही वाद्यांची अदलाबदल करावी लागते. नागपूरच्या उन्हात चामडं तडकतं, इथं पेटीत ठेवलं की बुरशी धरतं.

हे गाव खोगिरांचंच. इथल्या फुटबॉल संघालाही सॅडलर्स म्हणतात. आणि इथल्या दुकानात मी निवडलेला तंग, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळायचा पट्टा, उलटून पाहिला तर शिक्का भारताचा! दुकानदार म्हणाला, कानपूरचा माल. मला तिथंच रडू आलं. तंग चांगला आहे, शिवण घट्ट आहे, फक्त नवा असल्यामुळे कडक.

काल तो सोडला तर पुढच्या पायामागे केस गेलेले, कातडी लाल. तुम्ही जुवाखालचा खांदा रोज हातानं चाचपायचात. मी चाचपला असता तर हे दोन दिवस आधी कळलं असतं. बरं होईपर्यंत खोगीर चढवणार नाही, तंगाला रोज तेल देतेय.

आज संध्याकाळी तिची खांदशेकणी केली. पळसाची पानं इथं कुठली? कोमट पाण्यात फडकं पिळून, दुखरी जागा सोडून, खांदे शेकले आणि कानात म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." तिनं खिशातलं गाजर ओढलं.

जू लागून बैलाची कातडी सोलली की तुम्ही काय लावायचात, ते रविवारी फोनवर सांगा. डॉक्टरांना विचारूनच लावेन.

तुमची लाडकी नात