आई, बाबांसमोर ताट ठेव आणि मग वाच

भांडुप, 8 मार्च 2025

प्रिय आई-बाबा,

आई, हे पत्र तू मोठ्याने वाचायचंयस. बाबांच्या डोळ्याला मोबाइल नको, टीव्ही नको आणि अजून आठवडाभर मान खाली घालूनच बसायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. फोनवर बाबा "हां, बरं, आईला देतो" याच्या पुढे जात नाहीत. परवा मात्र स्वतःहून विचारलं, "मुंबईचं काय झालं गं?" म्हणजे आपल्या मुंबई सिटी फुटबॉल टीमचं. मी नाही सांगितलं. म्हटलं पत्रात येईल, आणि आता सगळं संपेपर्यंत थोडं थोडं लिहून एकदमच पाठवते. मधे शेजारच्या कोणाला विचारायचं नाही, बाबा, आणि आई, तू मधल्या ओळी गाळायच्या नाहीत, "हे फुटबॉलचंच चाललंय" म्हणून पान उलटशील, मला माहितीय.

आणि बाबांसमोर एक रिकामं ताट ठेव. खरंच ठेव. लहानपणी बाबा कुपरेजच्या मैदानावरून आले की जेवताना मॅच सांगायचे ना, लोणच्याची फोड म्हणजे बॅक आणि मिठाची चिमूट म्हणजे गोली, आणि तू ओरडायचीस की अन्नाशी खेळ नको. तसंच. बाबा, हाताने चाचपा. वर मधोमध मीठ वाढतात ती जागा म्हणजे समोरच्यांचा गोल. डावीकडे चटणीच्या जागी बिपिन सिंग. उजवीकडे भाजीच्या जागी छांगते, मिझोरमचा, या वर्षी कॅप्टन तोच. आणि मधे भाताची मूद. गेल्या वर्षी तिथे आपुइया आणि नोगेरा होते, आता आपुइया मोहन बागानला गेला, नोगेरा बंगळुरूला, मागे उभा राहणारा राहुल भेके बंगळुरूला आणि पुढे गोल मारणारा पेरेरा डियाझ पण बंगळुरूलाच. म्हणजे ताटातली मूदच उचलून नेली आणि चटणी-कोशिंबिरीवर जेवा म्हणाले. ही तीच टीम जिने गेल्या 4 मेला कोलकात्यात मोहन बागानला 3-1 हरवून इंडियन सुपर लीगचा कप आणला. या वर्षी बॉल असतो आमच्याकडेच, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि गोल काही होत नाही. 30 डिसेंबरला अंधेरीत नॉर्थईस्टची टीम तीन मारून गेली, आमचा भोपळा. त्या रात्री मी चिकूला म्हटलं आता नाही यायचं इथे. पंधरा दिवसांत परत गेलोच.

आता 1 मार्चचं सांगते. आझाद नगरला मेट्रोतून उतरलो तर प्लॅटफॉर्मभर हिरवा-मरून. मोहन बागानवाले. त्यांनी आठवड्यापूर्वीच लीगची शील्ड, म्हणजे साखळीत पहिल्या नंबरला मिळते ती, जिंकलेली, त्यामुळे ते मॅच बघायला नाही, वरातीला आल्यासारखे आलेले. आपलं मैदान एवढंसं, सात-आठ हजारांचं, त्यात अर्धा आवाज त्यांचाच. आमचे वेस्ट ब्लॉक ब्लूजवाले ढोल बडवतायत पण हाफटाइमला 0-2. मॅक्लारेन आणि पेत्रातोस. मी वडापाव आणला तर चिकू तो हातात धरून नुसता बसलेला, चटणी कोपरापर्यंत ओघळली तरी लक्ष नाही. म्हणाला, "आई, जाऊया का? आजोबा असते तर आत्तापर्यंत निघाले असते."

बाबा, तुमची ही ख्याती आहे बरं का नातवापर्यंत. कुपरेजवर शेवटची दहा मिनिटं राहिली की तुम्ही माझा हात धरून उठायचात, "गर्दीच्या आधी सीएसटी गाठू", आणि आपण मैदानाबाहेर आलो की मागून आरडाओरडा ऐकू यायचा. कोणी मारला ते मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळायचं. आणि गेल्या एप्रिलमधली ती गोव्याची सेमीफायनल विसरलात का? 2-0 मागे म्हणून टीव्ही बंद करून झोपलात, आणि नव्वदाव्या मिनिटापासून छांगते, विक्रम प्रताप, परत छांगते, सहा-सात मिनिटांत तीन गोल, मी फोन केला तर तुम्हाला वाटलं मी थट्टा करतेय, "झोप आता" म्हणून फोन ठेवलात.

तर मी चिकूला म्हटलं आपण आजोबा नाही, बसायचं. हाफटाइमनंतर आम्ही एक परतवला. मग नुसती घालमेल. शेवटी 89व्या मिनिटाला नेथन रॉड्रिग्जने मारला आणि 2-2. चिकू माझ्या खांद्यावर की मी त्याच्या, काही कळत नव्हतं, उरलेला वडापाव पुढच्या माणसाच्या पाठीवर. त्याने मागे वळून बघितलं आणि चिकूला उचलूनच घेतलं. परत येताना घाटकोपरला स्लो पकडली, चिकू उभ्या उभ्या झोपला, भांडुपला त्याला उचलून जिना चढले, माझी कंबर अजून धरलीय.

पण काल कोचीत हरलो. केरळाने एकच मारला, पेप्राने, तेवढा पुरला.

आता हिशोब असा. तेरा टीम, प्रत्येकीच्या 24 मॅच. पहिल्या दोघी थेट सेमीफायनलला, मग तिसरी-सहावी आणि चौथी-पाचवी यांची एकेक मॅच, वरचीच्या मैदानावर, हरला तो घरी. आमचे 23 मॅचमध्ये 33 पॉइंट. ओडिशाचे पण 33, त्यांच्या सगळ्या मॅच संपल्या. आमची शेवटची मंगळवारी, बंगळुरूला जाऊन. बरोबरी चालेल. हरलो तर ओडिशा आत आणि आम्ही बाहेर. म्हणजे ज्यांनी आमची मूद पळवली त्यांच्याच दारात जाऊन एक पॉइंट मागायचा.

---

12 मार्च, रात्र

आई, ताट ठेवलंस ना?

रविवारी भारताने चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली तेव्हा आमच्या गल्लीत इतके फटाके की खालच्या काकूंचा कुत्रा अजून पलंगाखाली आहे. आणि मंगळवारी फुटबॉलची एवढी मोठी मॅच, तर कोणाच्या गावीही नाही. मार्च एंडिंगमुळे मला ऑफिसमधून निघायलाच सात वाजले. सीएसएमटीवरून सव्वासातनंतरची स्लो, लेडीज डबा, सीट मिळाली नाही, दाराजवळच्या पार्टिशनला टेकून एका हातात मोबाइल. भायखळा गेलं आणि नेटवर्क गेलं. गोल गोल फिरणारं चक्र आणि त्यामागे छांगतेचा पाय हवेत. चिंचपोकळी आलं तर स्क्रीनवर 0-1 आणि सगळे एकमेकांच्या अंगावर, म्हणजे गोल झाला आणि मी पुन्हा बाहेर, कुपरेजसारखीच! मी एवढ्या मोठ्याने "येस" म्हटलं की बाजूला गवार मोडत बसलेल्या मावशींनी विचारलं, "कोण आउट झालं?" मी म्हटलं, मावशी, आउट नाही, फुटबॉल. "आपली मुंबई का?" हो. मग त्यांनी सरकून मला चौथी सीट दिली आणि स्वतः पण बघायला लागल्या, हात चालूच, शेंगा मोडतायत आणि विचारतायत की निळे आपले का, आणि हा काळ्या कपड्यातला कोण. विक्रोळीला आम्हाला पेनल्टी मिळाली. मावशींनी गवार मोडायची थांबवली. कॅरेलिसने मारली आत. 0-2. कांजूरला उतरताना म्हणाल्या, "जिंकले का ते मला कसं कळणार आता?"

जिंकले. 2-0च राहिलं. 36 पॉइंट, सहावा नंबर, नऊ जिंकल्या, नऊ बरोबरीत, सहा हरल्या, आणि ओडिशा बाहेर. मला त्या मावशींचं नाव माहीत नाही, गाडी तीच पकडतात का तेही माहीत नाही, आज बघितलं, नव्हत्या.

प्ले-ऑफ 29ला. तिसरे कोण आलेत ओळखा. बंगळुरू. परत तिथेच जायचं.

उद्या होळी. शिमग्याला यायचं म्हटलं होतं आणि आले नाही याचा तुला राग आहे, आई, तू फोनवर बोलली नाहीस तरी "तुझं काम आहे ना" असं तीनदा म्हणालीस. सुट्टीचा अर्ज मी खरंच टाकला होता, मार्चमध्ये कोणालाच देत नाहीत. पालखी अंगणात आली की बाबांना बाहेर आणून बस, नाचवताना दिसली नाही तरी ढोल तर ऐकतील. आणि पालखीच्या दांडीला हात लावायला गर्दीत जाऊ देऊ नकोस, कोणाचं कोपर डोळ्याला लागायला नको.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत की डोळा किती टक्के येईल. मी त्या दिवशी डॉक्टरांना परत फोन केला होता, ते म्हणाले डोळ्यात भरलेला गॅस पूर्ण विरेपर्यंत आकडा सांगता येत नाही. मी दोनदा विचारलं. दोन्हीदा हेच.

---

30 मार्च, पाडवा

आई, आता सावकाश वाच.

काल रात्री मी श्रीखंड करायला घेतलेलं. दही सकाळीच फडक्यात बांधून सिंकवरच्या नळाला टांगलेलं, खाली पातेलं. चिकूने गेल्या वर्षीची जर्सी घातली, ती मागे डियाझचं नाव असलेली, म्हटलं अरे तो आता त्यांचा आहे, तर म्हणाला, "कप जिंकला तेव्हा आपला होता." तुमचे जावई पण चक्क पेपर बाजूला ठेवून बसले.

नवव्या मिनिटाला सुरेशने पहिला मारला. ठीक आहे म्हटलं, गोव्याला पण मागे होतो. हाफटाइमच्या जरा आधी पेनल्टी, मेंडेझने घातली, 2-0. मी उठून चक्का बघून आले. अजून पाणी गळत होतं, टप, टप. मला वाटलं दुसऱ्या हाफमध्ये येतील हे. बाबा, ताटात भाजीच्या बाजूने छांगते पळतोय आणि मधे कोणी नाहीच, त्याने बॉल आत दिला तरी घ्यायला माणूस नाही, मूद नाही ना, सगळी जागा रिकामी. तिसरा रायन विल्यम्सने मारला. चौथा छेत्रीने. चाळीस वर्षांचा माणूस, निवृत्ती मागे घेऊन या महिन्यात परत भारताकडून खेळायला लागला, तुमचा लाडका, त्याच्यावर राग पण धरता येत नाही.

आणि पाचवा कोणी मारला असेल?

डियाझने. चिकू काही बोलला नाही, जर्सी काढली, उलटी केली आणि नाव आतल्या बाजूला जाईल अशी परत घातली. 5-0. तुमचे जावई तिसऱ्यालाच "मी जरा खाली जाऊन येतो" म्हणून उठले होते, तुमचेच जावई शोभतात. मी शेवटपर्यंत बसले. नुसतं बसून राहिले असं नाही, बघत होते, शिट्टी वाजली, बंगळुरूवाले नाचले, आपली पोरं आपल्या दोन-चार लोकांसमोर जाऊन हात जोडून उभी राहिली, मग जाहिरात आली.

त्यानंतर चक्क्यात साखर घातली. वेलची विसरले.

आज सकाळी गुढी उभारली, चिकूने नव्या झब्ब्याच्या आत तीच जर्सी घातलीय, उलटीच, गळ्यातून शिवण दिसतेय. कडुलिंब खाताना म्हणाला की पुढच्या वर्षी डियाझ परत येईल का. मी म्हटलं माहीत नाही रे. बाबा, तुम्ही म्हणायचात ना, कंपनीची टीम म्हणजे भाड्याचं घर, महिंद्राने 2010मध्ये टीम बंद केली तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवताना एक शब्द बोलला नव्हतात. आणि त्याआधी रोव्हर्स कप. 1891पासूनची स्पर्धा, ती पण या शहरातून अशीच उठून गेली. मला तेव्हा कळायचं नाही की एवढं काय. नेरुळला डीवाय पाटीलवर या नव्या टीमच्या मॅच चालू झाल्या तेव्हा मी तिकिटं काढली आणि तुम्ही नाही म्हणालात, "परत नको." मला राग आला होता तुमचा. अजून थोडा आहे.

आई, फेरतपासणीला मुंबईला आणायचंय ना त्यांना, तर मे महिन्यातली तारीख घेऊ, मार्चसारखं होणार नाही, मी रजा आत्ताच टाकून ठेवते. दिव्याला उतरू नका, बाबांना त्या पुलावर चढवायचं नाही, ठाण्यालाच या, मी स्टेशनवर असेन. आंब्याची पेटी वगैरे बरोबर आणू नका, एक पिशवीच आणा, आणि ती तू धर, बाबांच्या हातात देऊ नकोस, त्यांना वजन उचलायचं नाहीये. त्यांच्या कपाटात वरच्या कप्प्यात जुना बिस्किटांचा डबा आहे, त्यात कुपरेजची तिकिटं असतील, असली तर तो डबा घेऊन ये. चिकूला दाखवायचीत. मैदानावर तेव्हा मॅच नसेल, सीझन संपलेला असेल, पण आझाद नगरला उतरून गेटपर्यंत जाऊन येऊ, आत सोडलं तर सोडलं.

आता ताट उचललंस तरी चालेल. बाबांना विचार की छांगते कुठल्या बाजूला होता, बरोबर सांगितलं तर त्यांनी नीट ऐकलंय. आणि ते थेंब रात्री साडेनऊचे, दहाचे नाहीत, मागच्या वेळी तू दहाला घातलेस असं बाबांनीच सांगितलंय मला.

तुमची,
ताई

ता. क. चिकूने हे वाचलं आणि म्हणतोय वडापाव त्याने फेकला नव्हता, माझ्या हातातून गेला.