‘शेवटचा ज्युरी खटला’ कोणता?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

एका मराठी वाहिनीवरच्या प्रश्नमंजुषेत नुकताच प्रश्न आला : ‘भारतातील शेवटचा ज्युरी खटला कोणता?’ (ज्युरी म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिकांचे पंचमंडळ.) स्पर्धकाने ‘नानावटी’ सांगितले, म्हणजे नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या, तो मुंबईचा खटला. टाळ्या पडल्या, रक्कम वाढली. स्पर्धकाबद्दल तक्रार नाही, त्याने पाठ केलेले उत्तर दिले. तक्रार प्रश्न काढणाऱ्याबद्दल आहे, कारण हे उत्तर चूक आहे. हिंदी असो वा मराठी, वर्षानुवर्षे हाच प्रश्न फिरतो आहे आणि आता तर स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतही शिरला आहे.

नानावटींनंतरही आपल्या देशात ज्युरी बसत होती. कलकत्त्यात तर असे खटले पुढे बरीच वर्षे चालले. या एका खटल्यामुळे सरकारने चिडून ज्युरी बंद केली, ही पुस्तीही खरी नाही. ज्युरी काढून टाकावी असे कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने 1958 च्या अहवालातच लिहिले होते; गोळीबार झाला 27 एप्रिल 1959 रोजी. 1973 च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच ठेवली नाही, ती संहिता 1974 मध्ये लागू झाली, आणि मग कुठे फौजदारी कोर्टांतून ज्युरी गेली. मुंबईच्या पारशी विवाह न्यायालयात तर कायद्याने आजही न्यायाधीशांबरोबर पारशी समाजातले पाच ‘डेलिगेट’ (प्रतिनिधी) बसतात आणि वस्तुस्थितीचा निवाडा करतात. म्हणजे ‘शेवटचा’ या शब्दाला तसाही फारसा अर्थ उरत नाही.

मी कोर्टात बेंच क्लार्क म्हणून नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे हा खटला असा एका ओळीत गुंडाळलेला पाहून जीव तुटतो. सेशन्स कोर्टात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो निर्णय पटला नाही. तेव्हाच्या संहितेतले कलम 307 त्यांना हाताशी होते : ज्युरीचा कौल कोणाही समंजस माणसाला पटण्याजोगा नसेल तर प्रकरण हायकोर्टाकडे पाठवता येई. त्यांनी तसे पाठवले, आणि हायकोर्टाने मार्च 1960 मध्ये जन्मठेप दिली. सुप्रीम कोर्टाने 24 नोव्हेंबर 1961 रोजी ती कायम केली. या सगळ्या प्रवासात एक टॉवेल फार महत्त्वाचा ठरला. प्रेम आहुजा नुकतेच आंघोळ करून टॉवेल गुंडाळून बाहेर आले होते. झटापट झाली आणि तीत रिव्हॉल्व्हर उडाले, असा बचाव होता. सरकार पक्षाचा सवाल साधा होता : झटापट झाली असेल तर तो टॉवेल सुटला कसा नाही? प्रेताच्या कमरेला तो जसाच्या तसा होता. हे ऐकल्यावर घरात बसलेला कोणीही क्षणभर स्वतःच ज्युरीत जाऊन बसतो. प्रश्नमंजुषेला याहून चांगले खाद्य कुठे मिळणार? पण विचारतात काय, तर ‘शेवटचा कोणता’.

टिळकांच्या बाबतीतही तेच. ‘राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांचे वकील कोण होते?’ आणि उत्तर : बॅरिस्टर जिना. कोणत्या वर्षी, ते विचारायचे नाही! 1908 मध्ये जिनांनी जामिनासाठी अर्ज चालवला, तो फेटाळला गेला, आणि पुढे टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली. त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. जिनांनी खरी बाजी मारली ती 1916 मध्ये. तेव्हा प्रकरण टिळकांनी चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून जामीन द्यावा या हुकुमाचे होते आणि हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. दोन वेगळ्या गोष्टी एका पर्यायात कोंबल्या की निम्मे सत्य आणि पूर्ण गुण मिळतात.

खरे तर 1908 च्या खटल्यातली गोष्ट अशी आहे की ती कादंबरीत घातली तर संपादक ‘फार जुळवलेली वाटते’ म्हणून कापतील. टिळकांना शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती दिनशा दावर हे 1897 च्या राजद्रोह खटल्यात याच टिळकांना जामीन मिळावा म्हणून बॅरिस्टर या नात्याने उभे राहिले होते, आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो दिलाही होता. अकरा वर्षांनी जामिनाचा अर्ज आला तेव्हा दावर खुर्चीत होते. त्यांनी तो नाकारला. पुढे 22 जुलैच्या रात्री ज्युरीचा कौल आला, सात विरुद्ध दोन. सातही युरोपियन एका बाजूला, दोघे पारशी दुसऱ्या बाजूला. दावरांनी सहा वर्षे हद्दपारीची शिक्षा दिली आणि वर हजार रुपये दंड. ज्युरीने काहीही ठरवले तरी आपण निर्दोष आहोत, माणसांची व राष्ट्रांची नियती चालवणाऱ्या शक्ती या कोर्टाहून वरच्या आहेत, असे टिळक त्यावर म्हणाले. ते शब्द कोरलेली पाटी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या हस्ते 1956 मध्ये हायकोर्टात लावली गेली. ज्या कोर्टाने शिक्षा दिली, त्याच कोर्टाच्या दालनाबाहेर! आणि 1922 मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देताना न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्याच शिक्षेचा दाखला दिला.

यातून कितीतरी प्रश्न निघतात. ‘1908 मध्ये टिळकांना शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशांनी 1897 मध्ये टिळकांसाठी काय केले होते?’ चार पर्याय द्या, घड्याळ लावा. मनोरंजनात कुठेही कमी पडणार नाही. फक्त प्रश्न काढणाऱ्याला निकालपत्र उघडावे लागेल. नानावटी खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा निकाल आज कोणालाही फुकट वाचता येतो, आणि टॉवेलाचा मुद्दा त्यात आहे.

आपल्या वृत्तपत्रातर्फे वाहिन्यांना एवढेच कळवावे : इतिहासातल्या खटल्यांचे प्रश्न एखाद्या वकिलाच्या नजरेखालून घाला, आणि चूक झाली तर दुरुस्ती पुढच्या भागात सूत्रसंचालकाच्या तोंडून सांगा. खाली सरकणाऱ्या पट्टीत ती नको. रात्रीचे जेवताना ती पट्टी कोणी वाचत नाही.

कळावे,
एक निवृत्त बेंच क्लार्क, ठाणे